मंडळात वाचायला पुस्तक कोणते घ्यावे?

१९६७ साली आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांतही अनुदानावर चालणारी वाचनालये उभी राहिली. काही चांगली चालतात. काही ठिकाणी कपाट असते, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका बाजाराला गेलेला असतो. ते दुखणे निराळे आहे. आज मला बोलायचे आहे ते कपाट उघडल्यानंतरच्या अडचणीबद्दल. दहा-पंधरा माणसांनी एकच पुस्तक वाचायचे आणि पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी एकत्र बसून त्यावर बोलायचे असे ठरले, तर पुस्तक कोणते घ्यायचे? शहरात याला बुक क्लब म्हणतात, आपण वाचकमंडळ म्हणू. नाव काही द्या, पहिल्याच बैठकीला हा प्रश्न उभा राहतो आणि पुष्कळदा मंडळ तिथेच आडवे होते.

तसे पाहिले तर चारचौघांनी मिळून पुस्तक ऐकणे आपल्याकडे नवे नाही. चातुर्मासात देवळात पोथी लागते. श्रीधरस्वामींचे ‘शिवलीलामृत’, ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, कुठे नवनाथांची पोथी. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. पोथीचे एक सुख असे की, ती निवडावी लागत नाही. वाडवडिलांनी निवडून ठेवलेली असते. आणि पोथी संपल्यावर ‘मला हे पटलं नाही’ असे कोणी म्हणत नाही. वाचकमंडळात नेमके तेच म्हणायला यायचे असते. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो पुणे-मुंबईपासून लहान लहान गावांपर्यंत लोकांना वाचून दाखवला. त्यातले पहिले भाग छापून आले, पण पुढचे छापायला ‘दीनबंधु’कारही कचरले. म्हणजे ज्या पुस्तकावरून माणसे आपसांत वाद घालतील असे पुस्तक गावात मोठ्याने वाचण्याची परंपराही आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती मधे कुठे हरवली कोण जाणे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्या गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर माणदेशाच्या कडेला एक खेडे आहे. तिथल्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी मंडळ काढायचे मनावर घेतले आणि मला बोलावले. पहिले पुस्तक मी सुचवले. सहाशे पानांची, मोठी गाजलेली ऐतिहासिक कादंबरी. मला वाटले, इतिहास आहे, पराक्रम आहे, लोकांना आवडेल. आवडले हो! पण आवडायला आधी वाचून व्हायला पाहिजे. वाचनालयात प्रत एक. ती गुरुजींकडे आठ दिवस, मग पोस्टातून निवृत्त झालेल्या अण्णांकडे पंधरा दिवस, मग पिठाच्या गिरणीवाल्या दादांकडे गेली ती परतलीच नाही. बैठकीला अठरा माणसे आली. पुस्तक वाचलेली तीन. तिघे बोलले, पंधरा जणांनी माना डोलावल्या. पुढच्या बैठकीला सात आले. मी घरी येताना मोटारसायकलवर स्वतःशी म्हणालो, ‘लोकांना वाचायची आवडच नाही.’ मास्तर माणसाला स्वतःची चूक दुसऱ्याच्या वहीत दिसते, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा पहिली गोष्ट अगदी साधी, पण तिच्यावरच पुष्कळ मंडळे बुडतात. पुस्तक बैठकीच्या आत वाचून झाले पाहिजे. ज्याला पहाटे धारा काढायच्या आहेत आणि रात्री विजेची पाळी असली की पाणी द्यायला रानात जायचे आहे, त्याला पंधरा दिवसांत दीड-दोनशे पाने पुष्कळ झाली. टाईप ठळक पाहिजे. चाळिशीनंतर बारीक टाईप म्हणजे शिक्षा. प्रती किमान चार-पाच तरी मिळाल्या पाहिजेत. जुन्या पुस्तकांची एक सोय आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटली की पुस्तकावरचा हक्क संपतो आणि कोणीही ते छापू शकतो, म्हणून अशा पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. साने गुरुजी १९५० साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली. त्यांची पुस्तके आज कोणत्याही जत्रेतल्या पुस्तकाच्या गाड्यावर दिसतील. प्रती नाहीतच मिळाल्या तर मोठ्याने वाचावे. पण मग पुस्तकही कानाला गोड लागणारे निवडावे. काही चांगली पुस्तके डोळ्यांनीच वाचायची असतात, मोठ्याने वाचली की ऐकणाऱ्याला जांभई येते.

यावर आमचे गुरुजी म्हणाले, ‘सर, मग श्यामची आईच घेऊ की. सोपं आहे, सगळ्यांना माहीत आहे.’ साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि त्याची रचनाच मुळी रात्री जमलेल्या मंडळींना सांगितलेल्या गोष्टींची. एक रात्र, एक गोष्ट, अशा बेचाळीस रात्री. वाचून दाखवायला याहून सोयीचे पुस्तक शोधून सापडणार नाही. आम्ही घेतले. तीन रात्री वाचल्या, बायामाणसांनी पदर डोळ्यांना लावले, मीही चष्मा पुसला. मग मी विचारले, ‘बोला, काय वाटलं?’ सगळे म्हणाले, ‘फार छान.’ झाले! बैठक संपली. पुस्तकात काही उणे नाही. पण ज्यावर सगळ्यांचे आधीच एकमत आहे त्यावर चर्चा कशाची करणार? शाळेतल्या मुलांपुढे ते जरूर वाचावे. मंडळाला मात्र असे पुस्तक पाहिजे की ज्यातल्या एखाद्या माणसाच्या वागण्यावरून खोलीतले निम्मे लोक एका बाजूला जातील आणि निम्मे दुसऱ्या. पुस्तक मिटले तरी निकाल लागलेला नसावा.

हे मला कळले ते ‘बनगरवाडी’मुळे. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटी कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर राजाराम नावाचा कोवळा पोरगा मास्तर म्हणून जातो, एवढीच गोष्ट. मला वाटले होते, लोक म्हणतील, यात काय आहे, हे तर आमचंच. पण पहिल्या बैठकीला मास्तरवरून जुंपली. मास्तरने वाडीत तालीम बांधायला घेतली, लोकांना कामाला लावले. ते योग्य की अयोग्य? गिरणीवाले दादा म्हणाले, ‘पोटाला नाही तिथं तालीम कशाला?’ गुरुजींना राग आला. ते म्हणाले, ‘म्हणजे शाळा पण नको, असंच ना?’ मग शेकूच्या बायकोचा विषय निघाला. बैल नाही म्हणून ती स्वतः बैलाच्या जोडीला जुवाखाली मान देते. पुरुष मंडळी म्हणाली, धन्य ती बाई. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी, ज्यांनी आजवर बैठकीत एक शब्द काढला नव्हता, त्या म्हणाल्या, ‘धन्य म्हणायला काय जातंय? संध्याकाळी भाकरी कुणी थापली ते पुस्तकात लिहिलंय का बघा.’ खोलीत एकदम शांतता. मग हसू. मग अर्धा तास बायकाच बोलत होत्या. मी कॉलेजात पंधरा वर्षे ही कादंबरी शिकवली आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्या रात्रीपासून पुस्तक पाहताना मी एक गोष्ट आधी पाहतो. हे पुस्तक कोणाला तोंड उघडू देईल? ऐतिहासिक कादंबरीने तिघांना बोलू दिले होते, कारण तिथे बोलायला इतिहास ठाऊक असावा लागतो. बनगरवाडीवर बोलायला मेंढरे, पाऊस आणि शेजारपाजार ठाऊक असला की पुरे. काठावर बसलेले जे एक धनगर आजोबा होते, त्यांनी शेवटच्या दुष्काळाच्या भागावर बोलताना १९७२ साली आपण मेंढरे घेऊन कुठे कुठे हिंडलो ते सांगितले. पुस्तकातला दुष्काळ निराळा, काळ निराळा, पण त्यांनी गावांची नावे अशी घेतली की जणू वही उघडी आहे.

यशाने माणूस धीट होतो. मी धीट झालो आणि पुढची चूक केली. ती सांगायला जड जाते, पण तुमच्यापैकी कित्येकजण तीच करायच्या बेतात असतील, म्हणून सांगतो. मला वाटले, आता जरा खोल पाण्यात शिरू. एका दलित लेखकाचे आत्मकथन मी निवडले. पुस्तक उत्तम, मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या पुस्तकांपैकी. मंडळात वस्तीवरचे दोन तरुण येत होते. एक आयटीआय झालेला, दुसरा शेळ्यांचा व्यवसाय करणारा. मी मनात म्हटले, यांना बरे वाटेल. त्यांना विचारले मात्र नाही. बैठकीत पाणवठ्याचा, शिळ्या भाकरीचा भाग वाचला गेला. वाचून होताच सगळ्या माना त्या दोघांकडे वळल्या. कोणीतरी चांगल्या हेतूनेच विचारले, ‘काय रे, तुमच्याकडे खरंच असं होतं का?’ दोघे खाली बघत राहिले. पुढच्या बैठकीला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मी वस्तीवर गेलो. आयटीआयवाल्या तरुणाने चहा पाजला. मी म्हणालो, ‘पुस्तक आवडलं नाही का?’ तो म्हणाला, ‘सर, ते पुस्तक मी दोनदा वाचलंय. पण तुम्ही लोक पुस्तकावर बोलतच नव्हता. आमच्यावर बोलत होता. आम्ही साक्ष द्यायला येत नाही मंडळात.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. जरा वेळाने मी विचारले, ‘मग तूच सांग, काय वाचायचं?’ तो आत गेला आणि कव्हर फाटलेले एक पुस्तक घेऊन आला. ‘एक होता कार्व्हर.’

वीणा गवाणकरांचे हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत गुलामांच्या पोटी जन्मलेल्या जॉर्ज कार्व्हरची ही हकिगत. तान्हेपणी त्याला आईसकट पळवून नेले. तो मिळाला, आई मिळाली नाही. काळा म्हणून शाळेची दारे बंद, तरी शिकला, आयोवातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा पदवीधर झाला आणि १८९६ साली बुकर वॉशिंग्टनच्या बोलावण्यावरून अलाबामातल्या टस्कीगी इथल्या काळ्या मुलांच्या संस्थेत शिकवायला गेला. तिथली जमीन वर्षानुवर्षे कापूस घेऊन कसदारपणा गमावून बसली होती. त्याने शेतकऱ्यांना भुईमूग आणि रताळी लावायला सांगितले. १९०६ पासून शेतीची शाळाच गाडीवर घालून गावोगाव पाठवली. १९४३ साली वारला, तोपर्यंत तिथेच राहिला.

खरे सांगायचे तर चरित्राच्या पुस्तकांबद्दल माझ्या मनात थोडी अढी होती. थोरांची चरित्रे वाचली की लोक पुन्हा ‘फार छान’ म्हणतात, ही भीती. पण इथे भुईमूग आला ना! भुईमुगावर बोलायला आमच्या मंडळात कोणाची परवानगी लागत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींत सूक्ष्म जंतू असतात, ते हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून जमीन सुधारते, हे गुरुजींनी फळ्यावर गाठी काढून दाखवले. अण्णा म्हणाले, ‘म्हणजे आमचे वडील ज्वारीत तुरीची ओळ टाकायचे, ती उगीच नाही.’ एकाने सरळ विरोध केला. म्हणाला, ‘कार्व्हरच्या काळी ठीक होतं. आज शेंग काढणीला मजूर आणा बघू.’ त्यावर तासभर. शेळ्यांचा व्यवसाय करणारा तो दुसरा तरुण लेंडीखतावर जे बोलला ते सगळ्यांनी कान टवकारून ऐकले. त्या दिवशी खोलीतला जाणकार तो होता.

आणि तिसऱ्या बैठकीला, कार्व्हरला हॉटेलात जेवायला वेगळे बसावे लागते अशा प्रकारच्या प्रसंगांवर बोलणे चालले असताना, गिरणीवाले दादा आपण होऊन म्हणाले, ‘माझ्या वडिलांचं एष्टीच्या थांब्यावर चहाचं दुकान होतं. बाहेर खिडकीत दोन कप निराळे ठेवलेले असायचे. मी लहानपणी ते विसळायला हात लावला म्हणून मार खाल्लाय.’ कोणी त्यांना विचारले नव्हते. या वेळी माना त्या तरुणांकडे वळल्या नाहीत, दादांकडे वळल्या. आयटीआयवाला तरुण एवढेच म्हणाला, ‘माझ्या आज्यानं त्याच खिडकीत चहा प्यालेला असणार.’ मग दोघे त्या थांब्याजवळचे कोणते झाड केव्हा तोडले यावर बोलत बसले. जे मी समोरून दार ठोठावून करायला गेलो होतो ते अलाबामाच्या आडवाटेने आत आले.

याचा अर्थ आपल्या गावचे, आपल्या दुखण्याचे पुस्तक घेऊच नये असा कोणी काढील, तर तसे नाही. पुढे वर्षभराने आम्ही अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घेतली. १९५९ सालची ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. ती त्याच दोघांनी सुचवली, वाचूनही त्यांनीच दाखवली, आणि त्यात गावे जोगिणीसाठी एकमेकांशी लढतात त्या प्रसंगावर अशी चर्चा रंगली की रात्रीची शेवटची एष्टी मला चुकली. पुस्तक कोणाबद्दल आहे याबरोबरच ते कोणी सुचवले, हेही पाहावे लागते.

आता एक बारीक गोष्ट, जी मराठीच्या मास्तरलाच सुचणार. पुस्तक ठरवताना आवृत्तीही ठरवावी. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आम्ही वाचला. वरसईचे हे गरीब भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या धुमाळीत झाशीच्या किल्ल्यात सापडले. त्यांनी ती हकिगत १८८३ साली लिहिली. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ती छापली, पण भाषेत आणि मजकुरात बराच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली प्रत १९६६ साली आली. आमच्यापैकी काहींकडे एक, काहींकडे दुसरी. अर्धा तास दोघेजण ‘पुस्तकात असं नाहीच’ म्हणून भांडत होते आणि दोघेही बरोबर होते! भांडण मिटल्यावर मात्र, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट छापताना कोणी का बदलावी, यावर चांगले बोलणे झाले. आमच्या नशिबाने चूक फळाला आली. दर वेळी येईल असे नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’चीही संक्षिप्त आवृत्ती निघालेली आहे, तेव्हा आधी पाहून घ्यावे.

बोलीचाही विचार करावा, पण भिऊ नये. उद्धव शेळक्यांची ‘धग’ वऱ्हाडी बोलीत आहे. अमरावतीकडच्या मंडळाला ती घरची वाटेल, आमच्याकडे पहिली वीस पाने अडखळत गेली. मग कौतिकचा संसार सगळ्यांच्या मनात असा शिरला की बोली कोणाच्या ध्यानातही राहिली नाही. कवितासंग्रहाबद्दल मी काही सांगत नाही. आम्ही एकदा प्रयत्न केला आणि तो माझ्यामुळेच फसला. मी अर्थ सांगत सुटलो.

शिक्षकांना एक विनंती. पुस्तक तुम्ही आधी पूर्ण वाचा, आणि वाचताना जिथे तुमचे स्वतःचेच मत पक्के होत नाही त्या पानावर खूण घाला. अशा तीन खुणा पडल्या तर पुस्तक मंडळाला चालेल. प्रश्न विचारायचा तो त्या पानांवरचा. ‘लेखकाला काय सांगायचे आहे?’ हा प्रश्न परीक्षेसाठी ठेवा. तो ऐकला की मोठी माणसेसुद्धा बाकावर बसल्यासारखी गप्प होतात. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोतृमंडळे बसवली होती. लोक कार्यक्रम ऐकायचे आणि मग आपल्या गावापुरते त्यावर बोलायचे. रेडिओ समोर असूनही बोलायचे काम शेवटी गावानेच करायचे असे. पुस्तकाचेही तसेच आहे.

आमच्या मंडळात आता पुस्तक मी ठरवत नाही. तीन-चार जण आपापले पुस्तक घेऊन येतात, पाच-पाच मिनिटे त्यातले वाचून दाखवतात, आणि मग पुस्तके सतरंजीवर ओळीने मांडून ठेवतात. कार्व्हरनंतर पडलेला रिवाज असा की, प्रत्येकाच्या हातात शेंगदाण्याचा एक दाणा द्यायचा. ज्याला जे पुस्तक पाहिजे त्याच्यापुढे त्याने दाणा ठेवायचा. गेल्या खेपेला मावशींनी ‘स्मृतिचित्रे’ आणले होते. घर सोडून निघून जाणाऱ्या टिळकांचा एक प्रसंग त्यांनी अशा काही ठसक्यात वाचला की त्यांच्यापुढे अकरा दाणे पडले. मी आणलेल्या पुस्तकापुढे दोन पडले. त्यांतला एक माझा होता.